तिसऱ्या दालनातली काच

ट्युनिस, ३ मार्च

ती. दलिंदाताईस, सलाम वि. वि.

आमच्या चित्रसंग्रहालयाची लिंक पाठवलीय. आईला उठवायला नको. फोनवर बोट फिरवलं की बिछान्यातूनच सगळी दालनं फिरेल. गोल कॅमेरा चहूकडचं टिपतो, तेव्हा आम्ही दाराआड लपायचं असतं. पण तिसऱ्या दालनात मांजर शिरलं, त्याच्यामागे मी, आणि एका चित्राच्या काचेत लाल टोपीसकट उमटलो! आमचे साहेब, उस्ताद मुंधिर, भडकलेत. पुढच्या सोमवारी ते दालन पुन्हा टिपायचंय. अगं हो, मांजर मी पाळलंय.

लोभ असावा, वेंधळेपणा पोटात घालावा.
तुझा शादली

अल-काफ, ७ मार्च

चि. शादलीस, अनेक आशीर्वाद.

तुझं मांजर खड्ड्यात गेलं. आई सगळी दालनं सोडून त्या एकाच काचेपाशी थांबते. मोठं करकरून तुझी टोपी बघते, म्हणते पोरगा वाळलाय. तिला न्हाऊ घालते मी, ब्सिसाचं पीठ कालवून भरवते मी, आणि समोर आले की ती म्हणते, बाजूला हो, उजेड अडतोय. तीन वर्षं घरी न फिरकलेल्याचं एवढं कौतुक! हो, जळते मी. सांगायला लाज कसली?

तेव्हा ऐक. रविवारी तू इकडे ये, मी तिकडे जाते. उस्तादांना सांग, चित्र बघणारी एक बाई दालनात असली तर काही बिघडत नाही. त्या काचेसमोर मी उभी राहणार. एकदा तरी तिनं मला शोधावं.

लोभ सगळा तुझ्याकडेच साठलाय. थोडा इकडे सोडावा.
दलिंदा

अल-काफ, १८ मार्च

ती. ताईस, सलाम वि. वि.

नवं दालन आज फोनवर आलं. काचेत तू छान आलीयस; निळी शाल दिसते, कपाळावरची आठीसुद्धा. मला वाटलं, मी पलंगाशी असताना आई फोन कशाला मागेल? ब्सिसा कालवला होता, जरा गुठळ्या राहिल्या. तिनं एक घास घेतला, फोन मागितला, आणि तेव्हापासून तुझ्यावरून बोट हलत नाही. शेजारणीला दाखवते, ही माझी दलिंदा, बघा कशी राणीसारखी उभी आहे. मी मधे डोकावलो तर म्हणाली, सरक, उजेड अडतोय.

ताई, पोटात कसं जळतं ते आता कळलं.

आता ट्युनिसमधला, मावशीकडचा मुक्काम आवर. तिच्याकडे सोडलेलं माझं मांजरही आता तुझ्याच मांडीवर झोपतं म्हणे. त्यालाही घेऊन ये. मी इतक्यात जात नाही. तू आलीस की दोघंही बाजूला सरकून बसू.

लोभ काचेबाहेरही असू द्यावा.
शादली