फोटोपुरतं जॅकेट

आईला धाकट्या मन्सिकचा वाकून नमस्कार.

तुझी साठी म्हणून ब्यंगहोदादा तुला परदेशी फिरायला पाठवतोय, हे वाचून बरं वाटलं. पण त्याने नेमकं माझंच बेट निवडलं. "मन्सिक तिथं होड्यांवर आहे, मग कसली भीती," असं म्हणाला म्हणे. चूक त्याची नाही. इथं सगळं सुरक्षित आहे, असं दर पत्रात मीच लिहीत आलो.

आता खरं लिहितो. होडीत चाळीस माणसं बसतात आणि बुडू न देणारी जॅकेटं अठराच आहेत. धक्क्यावर पुढच्या रांगांना ती फोटोपुरती घालायला देतात. फोटो झाला की मी ती काढून पुढच्या होडीला नेतो. माझं काम तेच.

परवा आपल्याकडची, बुसान शहरातली एक आजी जॅकेट सोडेना. "लेकरा, मला पोहता येत नाही रे," म्हणाली. मालक म्हणाला, "आजीबाई, फिरायला आलात की बुडायला?" सगळे हसले. मी तिच्या बोटांतून पट्टा सोडवून घेतला. होडी नीट परत आली, पण उतरताना तिने माझा हात धरला नाही.

दादाला सांग, आगगाडीने फिरता येईल असा देश बघ आणि आधी विमा काढ. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेव. बाबांचा गुडघा कसा आहे? लसूण काढून झाला का?

तुला बघून तीन वर्षं झाली. तरी येऊ नकोस. आणि आलीसच, तर मी मागितलं तरी जॅकेट देऊ नकोस.

तुझा,
मन्सिक