शिवी कामाला द्यायची

आप्पा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. आज जे लिहिते आहे, ते तुम्ही समोर असता तर माझ्या तोंडून निघालं नसतं. तुमचा शब्द मी मोडला आणि ते काकांना भोगावं लागलं, तुमच्या शेजारी बसून अक्षरं काढायला शिकलेल्या तुमच्या मित्राला.

विक्रोळीच्या कारखान्यात दिवसभर मशीनना रंग मारून तुम्ही घरी यायचात आणि चहा झाला की मोर्च्यांचे बोर्ड लिहायला बसायचात. ओट्याखाली घासलेटच्या डब्यात तुमचे ब्रश भिजत असायचे, आणि भाकरीलाही तो वास लागतो म्हणून आई रोज करवादायची. कुणाचाही मोर्चा असो, तुम्ही नाही म्हणत नव्हता, पण अट एकच. ज्याच्याविरुद्ध मोर्चा, त्याचं नाव पूर्ण आणि धड लिहायचं. तेरा वर्षांची असताना मी चाळीच्या भिंतीवर एका पुढाऱ्याचं नाव मोडून त्याला गाढव जोडलं होतं. सगळी चाळ हसली होती. तुम्ही घासलेटचं फडकं माझ्या हातात दिलंत आणि जवळ उभं राहून ते माझ्याकडून पुसून घेतलंत. म्हणालात, "शिवी द्यायची तर त्याच्या कामाला दे. नाव त्याच्या आईनं ठेवलंय."

मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. मग आईनं सांगितलं, गावच्या शाळेत मास्तर तुमच्या नावाला रेडा जोडून हजेरी घ्यायचे आणि त्या नावाला तुम्हाला 'हजर' म्हणावं लागायचं. आपल्या वस्तीतल्या सगळ्याच पोरांची नावं अशी मोडलेली होती. तुम्ही चौथीतच शाळा सोडलीत. नंतर तुम्ही मला तुमचा चपटा ब्रश दिलात आणि शिरोरेघ एका श्वासात ओढायला शिकवलीत. ते अक्षर या चाळीत दोघांनाच जमतं, मला आणि काकांना.

आपली चाळ अजून तशीच आहे. पुनर्विकासाचा नारळ दोनदा फुटला, त्याच पुढाऱ्याच्या हातून. मागच्या वर्षी जिना कोसळला आणि समोरच्या खोलीतली म्हातारी त्याखाली गेली. त्यावर चाळीनं मोर्चा काढला. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, मोर्च्यात जायची मला सोय नाही, म्हणून बोर्ड मी घरी बसून लिहिले. नऊ बोर्डांवर मागण्या लिहिल्या. दहावा हातात घेतला तेव्हा जिन्याच्या ढिगाऱ्यात राहिलेली त्या म्हातारीची चप्पल आठवली, आणि मी त्या पुढाऱ्याच्या आडनावाचा पुढचा अर्धा तुकडा घेऊन त्याला डुक्कर जोडलं. ते नाव इथे लिहीत नाही. एवढं तरी पाळते.

मागण्यांचे नऊ बोर्ड कुणी पाहिले नाहीत. दहाव्याचा फोटो घाटकोपर, मुलुंडपर्यंत सगळ्या मोबाइलवर फिरला. रिक्षावाले ते नाव घेऊन हसत होते. शाळेत मुलं बाकं वाजवून तेच म्हणत होती आणि मी त्यांना गप्प करत होते, पण मनातून मला गुदगुल्या होत होत्या, आप्पा. खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी त्याची माणसं चाळीत आली. बोर्ड रंगवणारा म्हटलं की नाक्यावर काकांचंच नाव सांगतात. त्यांना खोलीतून ओढून अंगणात आणलं आणि विचारलं, कुणी लिहिलं? मी गॅलरीत कठड्याला धरून उभी होते. काकांनी एकदाच वर पाहिलं.

"मीच लिहिलं. हात माझाच आहे," ते म्हणाले.

त्यांनी काकांच्याच डब्यातला काळा ऑइलपेंट त्यांच्या तोंडाला फासला. ते काढायला बायका घासलेट घेऊन धावल्या. मीही खाली गेले, पण सगळं झाल्यावर. काकांचा उजवा डोळा वाचला नाही. गुन्हाही काकांवरच दाखल झाला, तारखा चालू आहेत. आता तो पुढारी पक्ष बदलून बसला आहे आणि ज्यांनी ते नाव सगळीकडे पसरवलं, तेच त्याला हार घालतात. काकांना मात्र सरळ रेघ ओढता येत नाही. ब्रश फळीला टेकायच्या आधीच थांबतो.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, काका, मी कोर्टात खरं सांगणार आहे. ते वाटाणे सोलत होते, वर न बघता बोटांनी चाचपून.

"तुझं अक्षर मला मोर्च्यातच कळलं होतं," ते म्हणाले. "तू गप बस. नोकरी जाईल तुझी. माझं काय, जायचं ते गेलं." मग पुढची शेंग उचलत म्हणाले, "पण तुला आप्पानं शिकवलं होतं ना गं?"

मी मान खाली घालून उरलेले वाटाणे सोलले आणि घरी आले. तुमचा ब्रश अजून त्याच डब्यात आहे, हा कागद डब्याखाली ठेवते. पुढची तारीख सोमवारी आहे आणि सोमवारी माझी शाळा असते. काका गप बस म्हणाले तेव्हा मला आधी बरं वाटलं, आप्पा. लाज नंतर वाटली.