शेरे गप्प करण्याचा साचा

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (तुम्ही ‘ऊठ’ म्हणाल तेव्हाच उठेन.) गुडघा कसा आहे? रक्तदाब? पत्र बसून वाचा. शक्यतो न कुरकुरणाऱ्या खुर्चीत.

तुमच्या फर्निचरच्या दुकानाचा कॅटलॉग आमच्या छापखान्यात आला, तो मीच हट्टानं मागून घेतला. हे काम एक्सएसएलटी नावाच्या संगणकाच्या भाषेनं होतं. माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर लेबल असतं: नाव, माप, किंमत. आपण लेबलागणिक एकेक साचा लिहायचा, की हे लेबल दिसलं तर असं छाप. एकाच लेबलाला दोन साचे लागू पडले, तर जास्त नेमका असेल तो जिंकतो. (सगळ्यांना गोड चहा, हा तुमच्या घरचा नियम, पण मामांना बिनसाखरेचा, हा त्याच्या वरचा.)

आता तुम्ही प्रत्येक वस्तूखाली ‘शेरा’ म्हणून स्वतःपुरतं काहीबाही लिहून ठेवलं होतं. मी त्याचा साचाच लिहिला नाही. वाटलं, साचा नाही तर छपाई नाही. पण एक्सएसएलटीचा स्वभाव मामींसारखा (हे त्यांना दाखवू नका): ‘बोलू नको’ असं कुणी बजावलं नाही, की पोटातलं सगळं ओठांवर. शेऱ्यासाठी ‘काहीही करू नकोस’ असा रिकामा साचा लिहावा लागतो. तो मी लिहिला नाही आणि कॅटलॉग गावभर वाटून झाला. ‘डौलदार कपाट. दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही.’ मामा, मला खरंच रडू आलं. मग हसू आलं, ते अजून थांबत नाही. शिवाय एका वकिलांनी ‘यावर कुणी फार वेळ टिकत नाही’ या शेऱ्याच्या सगळ्या खुर्च्या अशिलांसाठी मागवल्यात म्हणे.

तुमची लाडकी (निदान कालपर्यंत),
भाची

ता. क. तुमचा राग गेल्याचा फोन आल्याशिवाय कामावर यायचं नाही, असं साहेबांनी सांगितलंय. तेवढा फोन करा ना.

आणखी एक. मोठ्या सोफ्याखालचा शेराही छापलाय: ‘भाचीनं लोळून मधोमध खचवला. विकायचा नाही, पोरगी परत येईल.’ दुरुस्त प्रतीत मी सगळे शेरे गप्प केलेत. फक्त या एका सोफ्यासाठी वेगळा, जास्त नेमका साचा लिहिलाय: शेरा आहे तसा छापावा. रविवारी येते. सोफा झाडून ठेवा.