वैजयंतीचं ‘नको’

मी, श्रीमती प्रयागबाई चांगदेव औटी, वय ६१, जुनी मॅट्रिक, राहणार बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर, श्रीविघ्नहराला स्मरून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. सकाळपासून हा तिसरा कागद. डॉक्टरांनी छातीचं ऑपरेशन सांगितलं आहे. माझ्यामागे वैजयंतीचं काय, हे लिहून झाल्याशिवाय मला त्या टेबलावर पडायचं नाही.

१. शेत मुलगा भगवंत याच्या नावावर आहेच. त्यात माझं काही मागणं नाही.

२. राहतं घर आणि विहिरीजवळची दूर्वांची जागा मी माहेरचे दागिने मोडून घेतली, ती माझ्या नावावर आहे. ही दोन्ही मुलगी वैजयंती, वय ३०, हिला देते. तिच्यानंतर भगवंतच्या मुलांना. वैजयंती लहानपणापासून वेगळी आहे. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला ऑटिझम म्हटलं, तोवर आमचे गंडेदोरे, अंगारे सगळे करून झाले होते. ती रोज एकवीस दूर्वांची जुडी बांधते. वीस भरल्या तर सोडून पुन्हा बांधते. त्या जागेवर कोणी फरशी टाकू नये. भगवंता, गाडी पुढच्या अंगणात मावते.

३. पोस्टातल्या ठेवीचं व्याज शेजारीण लंकाबाईला. तिने वैजयंतीला दोन वेळा जेवू घालावं. ताट खुंटीखालीच मांडावं. भातावर वरण ओतू नये, वाटीत द्यावं. कुकर लावण्याआधी तिला अंगणात पाठवावं, शिट्टी तिला सोसत नाही.

४. दीर जानकूभाऊ यांना पितळी हंडा. त्यांनी वैजयंतीला भगवंतच्या भर लग्नात ‘येडी’ म्हटलं, तेव्हापासून मी त्यांना पाणी विचारलेलं नाही. हंडा भरून द्यावा.

५. नवस. फेडायचा राहिला तर वारसांच्या माथी बसतो, म्हणून लिहिते. वैजयंती पाच वर्षांची असताना मी बोलले होते, पोरीला वाचा फुटली की तिच्या भारंभार गुळाची तुला करीन. सत्त्याण्णव साली भगवंत आणि जानकूभाऊ तिला संस्थेत ठेवायला जीप घेऊन आले. पिशवी मीच भरली होती, हे लपवत नाही. वैजयंतीने दाराची चौकट धरली आणि म्हणाली, “नको.” एकवीस वर्षांत पहिला शब्द.

लंकाबाई ओरडली, “अगं पर्यागा, बोलली! गूळ आण, गूळ!”

मी म्हटलं, “हे कसलं बोलणं? आई म्हणू दे, मग बघू.”

“देवाला तू शब्द निवडून दिला व्हता का गं?”

जीप रिकामी गेली, पण नवस मी नऊ वर्षं अडवून ठेवला. गेल्या माघी चतुर्थीला दुकानाच्या काट्यावर तिला बसवायला गेले, तर म्हणाली, “नको.” मग पारड्यात तिची दूर्वांची टोपली ठेवली आणि तेवढा गूळ ओझरला वाहिला. पावणेदोन किलो. माझ्या काटकसरी जिवाला बरंच वाटलं. नवस फिटला. कोणी उकरून काढू नये.

६. भगवंता, तू वाईट नाहीस, तुला घाई असते. घर विकणं, भाड्याने देणं, वैजयंतीला कुठे हलवणं, यातलं काहीही करण्याआधी तिला समोर बसवून दोनदा विचार. ती ‘नको’ म्हणाली तर ती तिची सही समज आणि थांब. मी एकदा तो शब्द धरला नाही. तू धर.

लंकाबाईला या कागदाने लाभ होतो, म्हणून तिला साक्षीदार करता येत नाही असं वकील म्हणाले. ती रुसून बसली आहे.

वरील मजकूर आज माझ्या ओसरीवर वैजयंतीला दोनदा वाचून दाखवला. ती जुडी बांधत होती. ‘घर विकणं’ इथे आल्यावर दोन्ही वेळा ती ‘नको’ म्हणाली. साक्षीदारांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्याखाली त्यांच्या सह्या घेतल्या आहेत.

साक्षीदार:
तुळशीदास औटी, निवृत्त पोस्टमन (सही)
सोनीबाई शिंदे (डाव्या हाताचा अंगठा)

प्रयागबाई चांगदेव औटी (सही)
बोरी बुद्रुक, १२ मे २००६