न दाखवण्याचा हक्क

अण्णा, तुमचा केबलवाला काल येऊन गेला. केबलवाला म्हणायचं ते आता फक्त सवयीनं. त्याचा धंदा मोठ्या कंपनीनं केव्हाच गिळला, गच्चीवरच्या छत्र्या भंगारात गेल्या, आणि आता तो राहनाळच्या स्वतःच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या गोदामांचं भाडं घेत सुखात बसलेला असतो. केस पांढरे झालेत. पण दारात चपला काढताना अजूनही विचारतो, "सर आहेत का?" आणि मग आपणच जीभ चावतो. त्या एका वाक्यासाठी मी त्याला आजवर माफ केलेलं नाही. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत मी एकदाही चुकून तुम्हाला हाक मारलेली नाही, आणि हा मनुष्य दर खेपेला चुकतो. चुकण्यातही त्याचाच पहिला नंबर.

पिशवीतून त्यानं तीन जुन्या व्हिडिओ कॅसेट, एक पेनड्राइव्ह आणि एक चौघडी घातलेला कागद काढला. म्हणाला, "ताई, आमच्या गावचे सामने यंदा परत चालू होतायत. रविवारी उद्घाटन. सगळे बोलतात, सरांचा आवाज लावायचा. कॅसेटवरनं उतरवून आणलाय. फक्त तुमची सही पाहिजे." मी म्हटलं, माझी कशाला? "करारात लिहिलंय ना." कागद उलगडला तर तुमचं अक्षर, शिरोरेघ आधी ओढून मग तिला अक्षरं टांगलेली. कलम सातवं, अंतिम सामन्यानंतर मागाहून जोडलेलं: समालोचकाचा आवाज त्याच्या हयातीत त्याचा, तदनंतर त्याच्या कन्येचा, तिच्या लेखी परवानगीवाचून तो कोठेही ऐकवू नये. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "मी तेव्हा विचारलेलं सरांना," तो सांगू लागला, "की ताईंना क्रिकेट आवडत नाही, त्यांना कशाला हक्क? तर सर बोलले, म्हणूनच. आवडणाऱ्याच्या हातात हक्क दिला की तो फुकट वाटत सुटतो." तो हसला. मी हसले नाही. तुमचं माझ्याबद्दलचं मत मला त्याच्या तोंडून कळावं, हा आपल्या घरचा जुना रिवाज आहे.

षड्रिपूंत मत्सर शेवटी का, असं मी लहानपणी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, कारण तो रांगेत मागे उभा राहून पुढच्या पाचांना काय मिळालं ते बघत असतो. मी त्या रांगेत खूप वर्षं काढली. आई गेली, तुम्ही शाळेतून निवृत्त झालात, घरात आपण दोघं. मी त्याच शाळेत तुमच्याच टेबलावर संस्कृत शिकवू लागले. मला वाटलं, आता संध्याकाळी आपण बोलू. आणि तुम्ही पाच वाजले की चपला घालून जिन्याखालच्या त्या केबलच्या कंट्रोल रूममध्ये. कंट्रोल रूम कसली, ज्याला तुम्ही संस्कृतात कृपेचे गुण देऊन पस्तिसावर ढकललंत, त्या विद्यार्थ्याची तापलेल्या यंत्रांनी भरलेली खोली. मी शाळेत पहिली आले तेव्हा तुम्ही उत्तरपत्रिका घरी आणून स्वयंपाकघरात माझ्यासमोर धरलीत आणि एका विसर्गावर बोट ठेवलंत. बस, तेवढंच. त्याच्यावर मात्र तुम्ही हसत होतात. गल्लीच्या तोंडाशी ऐकू येईल असं हसत होतात. घरी आलात की सदऱ्याला गरम धुळीचा वास, आणि ताटावर बसल्याबसल्या सुरुवात: "तो म्हणतो..."

तो म्हणतो ते मला पाठ झालं. क्रिकेट मंडळ सामने दाखवण्याचे हक्क विकतं, चॅनल ते विकत घेतं, मग ते पैसे वसूल करायला चॅनल एकीकडे जाहिराती घेतं आणि दुसरीकडे केबलवाल्याकडून घरामागे पैसे मागतं. केबलवाला घरं कमी सांगतो. चॅनलवाल्यांना ते ठाऊक असतं. केबलवाल्याला ठाऊक असतं की त्यांना ठाऊक आहे. अशा परस्परविश्वासावर सगळं सुरळीत चालतं. एका रविवारी, नाणेफेकीच्या पाच मिनिटं आधी, चॅनलवाल्यांनी त्याच्या डब्यातलं, चित्र उघडणारं कार्ड बंद केलं आणि अर्ध्या भिवंडीच्या टीव्हीवर निळा पडदा आला. तुमच्यामागून मीही गेले होते त्या दिवशी. म्हणजे तुमची मधुमेहाची गोळी राहिली होती म्हणून. जिन्यापाशी ही गर्दी. लूमवर रात्रपाळी करून न झोपता सामना बघायला आलेले लोक ओरडतायत, "पैसा पूरा लेता है, मॅच आधा भी नहीं!" आणि तो आत फोनवर हात जोडतोय, समोरच्याला दिसत नसताना. तुम्ही पायरीवर उभे राहून, जसे नववीच्या वर्गापुढे उभे राहायचात तसे, म्हणालात, "अरे बाबांनो, म्हैस त्याची नाही. तो गवळी. तबेल्याच्या मालकानं आज फाटक लावलंय." एकजण म्हणाला, "मास्तरजी, तो हम क्या करें?" तुम्ही म्हणालात, "चहा." आणि गर्दी हसली. मी गोळी हातात धरून उभी होते.

त्या दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात ते मला आवडलं होतं, म्हणूनच मी उत्तर दिलं नाही. तुम्ही म्हणालात, "इतके दिवस मला वाटत होतं, किंमत खेळाची आहे. नाही गं. खेळ तर कुणीही खेळतो. किंमत आहे ती न दाखवण्याच्या हक्काची. ज्याला पडदा निळा करता येतो त्यालाच पैसे मिळतात." मी भात वाढला. मनात म्हटलं, अण्णा, हे तुम्हाला आज कळलं? मी तर या घरात कधीपासून बघते आहे. प्रक्षेपण चालू आहे, फक्त आपल्या घरी दिसत नाही.

मग राहनाळचे सामने आले. भातकापणी झालेल्या शेतात, दोन गोदामांच्या मधे, टेनिस बॉलचे. तोवर केबलवाला गावात कॅमेरा घेऊन गेला की गाव त्याला नारळ द्यायचं. त्या वर्षी आयोजकांना शहाणपण सुचलं: दाखवायचं तर पैसे द्या. पलीकडच्या भागातला दुसरा केबलवालाही तयार झाला. भांडण वाढलं तेव्हा दोन्ही पक्ष तुमच्याकडे आले, कारण दोघांनी तुमच्या छड्या खाल्लेल्या. तुम्ही बंद लिफाफे मागवलेत. तुमच्या लाडक्याचा आकडा मोठा निघाला. तुम्ही मीमांसेवर टीका लिहावी तसा करार लिहायला बसलात. त्यात तुम्ही एक कलम घातलंत की सामना खुद्द राहनाळात दाखवू नये, नाहीतर लोक घरी बसतील आणि मैदान ओस पडेल. परदेशात म्हणे असंच करतात. तर्क बिनचूक होता. पहिल्याच दिवशी आयोजकांच्या अध्यक्षाची म्हातारी आई, जिला अंथरुणातून उठता येत नव्हतं, आख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी कडाडली: "माजे अंगनान म्याच, न माजेच टीव्हीवर मुंग्या? कोनी लिवलाय ह्यो कागूद?" तुम्ही जाऊन तिच्या खाटेपाशी उभे राहिलात. ती म्हणाली, "मास्तर, तुमी लिवलाव? तुमाला आय न्हाय का?" मग कलमाखाली तुम्ही बारीक अक्षरात जोडलंत: रुग्ण व वृद्ध यांचा अपवाद. संध्याकाळपर्यंत राहनाळात घरटी एक रुग्ण निघाला.

आणि अंतिम सामन्याला समालोचक आलाच नाही म्हणून तुम्ही टेम्पोच्या हौद्यात खुर्ची टाकून माइक घेतलात. त्या दिवसाचं मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. की तुम्ही सीमारेषेला सीमारेषाच म्हणत होतात, इंग्रजी शब्द एक नाही. की चेंडू म्हशीच्या पायात गेला तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "क्षेत्ररक्षणात एक खेळाडू जास्त आहे, पंचांनी लक्ष घालावं." की सगळी आळी पोट धरून हसत होती. घरी आलात तेव्हा आवाज बसलेला होता. मी ओसरीवर वह्या तपासत होते. तुम्ही पाणी प्यायलात, टोपी खुंटीला लावलीत. मग विचारलंत, "पाहिलंस का?"

मी वहीतून मान वर न करता म्हटलं, "नाही. सहामाहीच्या वह्या होत्या."

"हां," तुम्ही म्हणालात. "असू दे. विशेष काही नव्हतं." एवढंच. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. दोन पावसाळ्यांनी गेलात. मी ते वाक्य परत घ्यायला दर आठवड्याला सवड काढत होते आणि दर आठवड्याला कसल्या ना कसल्या वह्या येत होत्या.

काल त्यानं पेनड्राइव्ह टीव्हीला लावून दिला आणि तो शेजारी खुर्चीत बसला, तुमच्या. तुमचा आवाज आला. म्हैस आली. तो हसला, नंतर त्यानं डोळे पुसले, आणि मला पुन्हा तोच जुना राग आला, की रडण्यातही हा पुढे. पहिला डाव संपला तिथे चित्र एकदम तुटलं आणि थेट दुसऱ्या डावाचं दुसरं षटक. "तेवढं राहिलं ताई," तो अपराध्यासारखा म्हणाला. "कॅसेट संपलेली. मी दुसरी आणायला रूमवर पळालो, माइक चालूच राहिला. केबलवर गेलं सगळं, पण टेपवर नाही. काय बोलले सर तेवढ्यात, कुणालाच आठवत नाही. लोक चहा करायला उठले असणार." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही बघितलेलं काय हो तेव्हा?"

मी म्हटलं, नाही. वह्या होत्या.

अण्णा, काकूंनी मला काहीही सांगितलं नव्हतं. काकू त्या दिवशी लग्नाला गेल्या होत्या. मी दार लावून, आवाज बारीक करून, पहिल्या चेंडूपासून बसले होते. पडद्यावर रिकामं मैदान होतं, खेळपट्टीवर कुणीतरी पाणी मारत होतं, आणि माइक बंद आहे अशा समजुतीत तुम्ही बोललात. कुणीतरी चहा दिला असावा. तुम्ही म्हणालात, "साखरेचाच आहे ना? आणा. घरी मुलगी बघत असेल, पण तिला कपातलं काय दिसतंय." मग एक मोठा घोट. मग स्वतःशीच, "बघत असेलच ती. वह्या घेऊन बसली असेल, पण बघत असेल."

त्या साखरेवरून मी तुम्हाला कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर पाहिल्याचं कबूल झालं असतं. आणि तुम्ही दोन पावसाळे माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होतात, ती आपलं अनुमान चुकलं असं समजलेल्या माणसाची होती. ते बिनचूक होतं. पूर्ण गुण होते.

सही मी केली आहे. रविवारी तुमचा आवाज राहनाळात घुमेल, यंदा आजाऱ्यांखेरीज इतरांनाही. कागद न्यायला तो उद्या येईल आणि दारात पुन्हा जीभ चावेल. हे पत्र मात्र कलम सातच्या त्या कागदाच्या, मी काढून घेतलेल्या प्रतीच्या घडीत ठेवून ट्रंकेत टाकते आहे. त्या चहाबद्दल मी त्याला काही सांगितलेलं नाही, अण्णा, आणि सांगणारही नाही. तेवढं माझ्याकडेच राहू दे.