खाणवस्तीची ऊब

मार्गशीर्ष शु. ३, शके १८६४

भेग वाढली! काल न्हाणीच्या कोपऱ्यात तिच्यात माझी चार बोटं मावत होती, आज पाच मावली. ज्वारीचं धाट आत सोडलं. हातभर गेलं तरी टेकलं नाही. वर काढलं तर टोक तपकिरी, आणि वास करपलेल्या भाकरीचा.

नीलम्माला दाखवलं. धाट हातात घेऊन तिनं बघितलं आणि चुलीत घातलं. म्हणाली, "बोटं वाळली आसतील तुमची. जेवता कुठं नीट?"

शु. ४

आज वाढली नाही. पण वारा फिरलाय, नुसत्या नजरेवर काय भरवसा.

शु. ६, चंपाषष्ठी

सकाळपासून वस्तीत फिरलो. साठ घरं, आणि चूल पेटते ती एकच — आमची. बलभीमच्या घराचं आढं खाली आलंय. धुरपदाबाईच्या दारातला लिंब उभ्या उभ्या वाळला. मुळ्या खालून भाजल्या असणार. बाकी सगळं शांत. खाणीच्या तोंडाशी मातीचा बांध आहे, त्याच्या फटीतून धूर येतो. पातळ, निळसर. हुक्का ओढत बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. पाच वर्षं झाली, रोज तेवढाच.

या काळ्या दगडाच्या मुलखात कोळसा असायलाच नको होता, असं पहिला साहेब म्हणाला होता. विहीर खणताना लागला. कच्चा, मातकट कोळसा. चुन्याच्या भट्ट्यांना चालायचा, कापसाच्या जिनिंगला चालायचा. दोनशे माणसं कामाला होती आणि त्यांची हजेरी मी लिहायचो. तिसरी शिकलेला माणूस एवढ्या जागेवर बसला, म्हणून जवळच्या बेंबळी गावात मान होता. मग खालच्या अंगाला चुरा आपोआप तापला आणि पेटला. कुणी काडी लावली नव्हती. पाणी ओतलं, माती भरली. दुसरा साहेब म्हणाला, "दोन महिन्यांत विझेल." दोन महिन्यांनी साहेबच गेला. मग एकेक गाडी भरत गेली.

हजेरीच्या कोऱ्या वह्या तेवढ्या माझ्यापाशी राहिल्या. त्यांतच लिहितो आहे.

शु. ७

काल रात्री उठून बसलो. भुई बसली तर आधी न्हाणी जाईल की माजघर? नीलम्मा माजघरात निजते. तिला म्हटलं, जागा बदल. "ऊब तिथंच हाय," म्हणाली आणि कूस बदलून घोरायला लागली.

शु. १०

तहसिलीतला जमादार आला होता. उर्दूतला कागद वाळलेल्या लिंबावर ठोकला. मला उर्दू येत नाही, त्यानंच सांगितलं — जागा धोक्याची आहे, खाली करा. "बडे मियाँ, जमीन बैठ जाएगी एक दिन." मी म्हटलं, मी तर रोज तेच सांगतो, पण बायको ऐकत नाही. तो हसला. "मेरी भी नहीं सुनती."

मग ओसरीत आडवा झाला. भुईची ऊब पाठीला लागल्यावर दोन तास उठला नाही. नीलम्मानं भाकरी दिली, झुणका दिला. जाताना तिला सलाम करून गेला. असा हुकूम असतो का कुठं!

शु. ११

खरं लिहायचं तर तिचंही चुकत नाही. खाण बंद झाल्यावर आम्ही बेंबळीला शांतलिंगकडं गेलो. लेक आमचा गुणी, किराणा दुकान चालवतो, सूनही चांगली. पण नीलम्माच्या गुडघ्यांत वात शिरला. दोन हिवाळे खाटेवर गेले. दोघांनी उचलून परसात न्यायचं. मोठ्यानं कण्हली नाही कधी, पण बोलायचंच बंद झाली होती. मग राहिलेली भांडी आणायला म्हणून इथं आलो. गाडीत तिला गोधडीत गुंडाळून आणली. एक रात्र माजघरात निजलो. सकाळी डोळे उघडले तर ती चुलीपाशी उभी! आपल्या पायांवर. चूल फुंकत होती.

त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती इथून हलत नाही, आणि मला इथं झोप नाही.

वद्य २

घोळ केला तिनं! हणमंतप्पा धनगर मेंढरं घेऊन गेला, त्याच्याजवळ निरोप धाडला — बेंबळी, माकणी, जिथं जिथं आपली माणसं गेली तिथं तिथं. औंदा अवसेची येळवस खाणवस्तीच्या रानात करायची, सगळ्यांनी जेवायला यावं.

मला न विचारता!

म्हटलं, "अगं, भुई पोकळ आहे." ती म्हणाली, "दोन वर्सं आपुन दोघंच जेवलो. रानात एकट्यानं येळवस खाल्ली तर पांडव उपाशी उठत्यात." "आणि भुई खचली तर?" "लोकं काय हत्तीवर बसून येनार हायती?"

हत्ती नाही, पण बैलगाड्या आहेत. एका गाडीचं वजन काय, बैलांचं काय, आत दहा माणसं धरली तर काय. हजेरी लिहिणाऱ्याला एवढं कळतं.

वद्य ५

पहार घेऊन भुई ठोकत हिंडलो. जिथं ठण्ण वाजतं तिथं बरं. जिथं भद्द वाजतं तिथं वाईट. खाणीपासून आमच्या जोंधळ्यापर्यंत भद्दच जास्त.

जोंधळा मात्र बघावा. खालच्या उबेनं पंधरा दिवस आधी भरला. कणसं वाकलीत.

वद्य ८

गाडीवाट आखली. जिथं ठण्ण वाजलं तिथून चुन्याची रेघ ओढत आणली, ओढ्यापासून रानाच्या बांधापर्यंत. वाकडीतिकडी झाली. नीलम्मा बघून म्हणाली, "साप गेल्यागत हाय."

कंबर मोडली. पण आज भूक लागली खरी.

वद्य ११

काल तिनं ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील लावली. मी म्हटलं, एवढ्या आधी कशाला? ती म्हणाली, गावात लागतात तीन दिवस, इथं एक रात्र पुरते, ही नुसती चव बघायला. सकाळी बघितलं तर आंबून वर आलेली. अंदाज बरोबर तिचा. येळवशीच्या आदल्या रात्री पुन्हा लावणार म्हणते.

पाच दगड निवडून ठेवलेत, रानातल्या पूजेचे पांडव म्हणून. धुऊन, चुना लावून ठेवले. ओलं बोट लावलं तर चुना पाच मिनिटांत सुकला.

वद्य १३

कुणी येणार नाही असं वाटतं. न आले तर बरं. पण मग एवढी पाच-सात भाज्यांची भज्जी करायची कुणासाठी?

येळवस

अकरा गाड्या!

पहिली गाडी ओढ्यापाशी दिसली तसा मी धावत गेलो. दोन्ही हात पसरून वाटेत उभा. "रेघेवरनं! रेघेवरनं हाका!" बलभीम गाडीतून ओरडला, "आजून हजेरीच घेताय व्हय मुकादम? म्या हजर हाय, लिवा!" सगळे हसले. पण रेघेवरून आले. एक नाही आला — माकणीचा कुणी, धुरपदाबाईचा भाऊ. बैलांना सावली हवी म्हणून रेघ सोडून लिंबाकडं वळला. चाक वीतभर खाली गेलं. भस्सकन वाफ निघाली. बैल बिथरले. दहा जणांनी चाक धरून वर काढलं. मग कुणी हसलं नाही. नंतर सगळे पाय उचलून मांजरासारखे चालत होते. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

कडब्याच्या पेंड्या उभ्या करून कोप केली, आत पाचही दगड मांडले, शाल घातली. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, धपाटे. धुरपदाबाईनं भज्जी तोंडात घातली आणि रडायला लागली. "हितल्या चुलीची चव हाय गं नीलव्वा." तिचा नवरा आग लागायच्या आधीच ज्वरानं गेला, या वस्तीतच. नीलम्मा म्हणाली, "रड, पर आधी खा. गार झाली तर मला बोल लावशील." रडता रडता हसली ती.

मग आंबिलीनं भरलेलं मडकं, बिंदगी. शांतलिंगनं ती डोक्यावर घेतली आणि रानाला फेरी सुरू केली. मागून सगळे, दरवर्षीचा गजर करत — "होलगे होलगे, सालम पलगे!" मी बांधावर बसून त्यांच्या पावलांखालची भुई बघत होतो. वर बघितलं तर शांतलिंगच्या पाठोपाठ नीलम्मा. काठी नाही, कुणाचा हात नाही. लिंबाच्या डहाळीनं जोंधळ्यावर आंबील शिंपडत सगळ्या रानाला फेरी घातली तिनं. बिंदगी उतरवताना शांतलिंगनं आईकडं बघितलं. तिकडं, बेंबळीत, यानंच तिला दोन वर्षं उचलली होती.

पण मी ठरवलं होतं, आज त्याच्याशी बोलायचंच. त्याला बाजूला नेलं, न्हाणीतली भेग दाखवली. त्यानं हात घातला, चटका बसला, काढला. मग म्हणाला, "अप्पा, आव्वा चालतीया हे दिसतंय मला. चाक रुतलं तेबी दिसलं. तुमी सांगा. तुमी व्हय म्हनलात तर संक्रांत झाली की गाडी आनतो. रडली, भांडली तरी उचलून नेतो."

पाच वर्षं मला कुणी असं विचारलं नव्हतं. म्हटलं, "व्हय. आण."

दिवस कलला तशी पोरं हेंडगा काढायला लागली — कडब्याची पेंडी पेटवून रानाभोवती पळवायची, तेवढं झाल्याशिवाय येळवस पुरी होत नाही. मी आडवा आलो! भेगांतून वायू येतो, ठिणगी पडली तर? म्हणालो, पेटवायची नाही. मग गलका. बलभीम चिडला, "हेंडग्याबिगर येळवस? उद्या म्हनाल, उंड्याबिगर जेवा!" म्हातारे म्हणायला लागले, अपशकुन होतो. मी पेंडी हातातून सोडत नव्हतो. माझं हसं होत होतं, कळत होतं मला.

नीलम्मा बसल्या जागेवरून म्हणाली, "पेटवायचा कशाला आनी? खाली पाच वर्सं पेटलेलाच हाय की. तुमी नुसतं पळा वरनं."

मग बलभीमच आधी हसला. न पेटवलेली पेंडी खांद्यावर घेऊन पळाला, सगळे त्याच्या मागं. रेघेवरून!

गाड्या गेल्या. भुई टिकली.

पौष शु. २

शांतलिंगचं बोलणं नीलम्माला सांगितलं. भांडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "ठरवलंच आसंल तर चला." एवढंच. मग चुलीपुढं बसून राहिली, तवा तापून धूर निघेपर्यंत.

शु. ५

सामान बांधतो आहे. उतरंडीची मडकी, पितळी समई, जातं. जातं न्यायचं की नाही? शांतलिंगकडं आहे. पण हे चांगलं दळतं.

आता झोप लागायला हवी. लागत नाही. बेंबळीच्या त्या खोलीत उत्तरेची खिडकी आहे. ती बुजवायला सांगायला हवं. फरशीवर घोंगड्या दोन टाकाव्या लागतील, की तीन? सुनेला तिला उचलणं जमेल का? तिचीही पाठ दुखते.

नीलम्मा आज दुपारी रिकाम्या वस्तीत एकटीच फिरून आली. विचारलं, कुठं गेली होतीस? म्हणाली, "चालून घेतलं."

शु. ८, संक्रांत

तीळगूळ दोघांनीच खाल्ला. परवा गाडी येईल.

शु. ९

पहाटे भुईला पाय लावला आणि काढून घेतला. गार! घरभर हात फिरवला — ओसरी, माजघर, न्हाणी, सगळं गार. भेगेत धाट सोडलं, पांढरंच वर आलं. बाहेर जाऊन बघितलं तर आग ओढ्याच्या अंगाला सरकलेली, तिकडं धूर. घराखालचा धोका गेला.

नीलम्मा निजलेली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, बेंबळीत घ्यायची तसे. घमेलं घेऊन ओढ्याकडच्या भेगेपाशी गेलो, तापलेली वाळू पोत्यात भरभरून आणली. चार खेपा. तिच्या पायांशी, गुडघ्यांशी लावली. जागी झाली, माझ्या हातांकडं बघितलं. पाय लांब केले.

बेंबळीत अशी वाळू कुठली? इथं रोज चार खेपा. होतील.

हणमंतप्पा मेंढरं घेऊन बेंबळीकडं निघाला होता. त्याला गाठून शांतलिंगला निरोप दिला — गाडी आणू नको.