तांबड्या ओढणीखालचं दिहे

एन्जामेना, ५ मार्च

ती. केल्लू आत्यास,
फलमाताचा सलाम. वि. वि.

तळ्यातलं दिहे तू बाटल्यांत भरून दिलंस, ते सुखरूप पोचलं. पुढची वाट मी लावली, तीनदा. भर उन्हातही आपलं हे हिरवं शेवाळ का जळत नाही, हे मला २० तारखेला परीक्षकांपुढे दाखवायचं आहे. आणि माझ्या दिव्याखाली ते दोन दिवसांत फटफटीत पडतं. बरं, लाडात काही कमी नाही. दिहे तांबड्या उजेडात जोमाने वाढतं, म्हणून प्रखर तांबडा दिवा लावला आहे. सर म्हणाले, दिवा मंद कर. पण मंद दिव्यात जगलं तर त्यात दाखवण्यासारखं काय उरलं?

नापास झालीस तर गाशा गुंडाळून घरी यायचं, असं बाबांनी निघताना बजावलं होतं. मला इथेच शिकायचं आहे गं. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

इथल्या भेंडीच्या कालवणात दिहे नसतं, वाळू मात्र असते. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
फलमाता

---

बोल गावाजवळून, ११ मार्च

चि. फलमातास,
केल्लू आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पहिला संशय मला तुझ्या सरांचाच आला. पुरुषाचा पाय लागला की आपलं तळं वांझ होतं, हे माहीत असून तू त्यांना बाटलीत बोट घालू दिलंस का? तुझा बाप जन्मभर टेकडीवर तळ्याकडे पाठ करून बसला, तो काय हौस म्हणून?

मग तुझ्या दिव्याचा रंग पुन्हा वाचला आणि माझ्या लेकीचं, झाराचं लग्न आठवलं. तिच्या सासरच्या तळ्यात टाकायला मी विरजणाचं दिहे दोन सुक्या, पोकळ भोपळ्यांत घेऊन निघाले. एकावर माझी पातळ तांबडी ओढणी घातली, ऊन लागू नये म्हणून. दुसरा आळसाने उघडाच राहिला. दिवसभर उंटावर भाजून निघालो. पोचलो तर झाकलेलं मेलेलं आणि उघडं टवटवीत. तिच्या सासूबाई वर्षभर मला हसत होत्या. कारण मला ठाऊक नाही, पण दुपारचा सूर्य तांबडा नसतो, एवढं कळतं. तुझा दिवा बदलून बघ.

बाबा विचारत होता, पोर काय लिहिते. जेवणाबद्दल लिहिते, म्हटलं. जिवाला जप आणि लिहीत जा.

तुझी आत्या,
केल्लू

---

एन्जामेना, २२ मार्च

ती. आत्यास,
सलाम, आणि एक मिठी.

पास झाले. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तांबड्या दिव्याशेजारी तितकाच प्रखर पांढरा दिवा लावला. तांबड्याखालचं पुन्हा फटफटीत, पांढऱ्याखालचं हिरवंगार. दोन्ही बाटल्या परीक्षकांपुढे ठेवल्या आणि ओढणीची गोष्टही सांगितली. एका बाईंनी ती लिहून घेतली.

सरांनी कारण उलगडून सांगितलं. दिहेच्या आत एक नारिंगी राखणदार असतो. उजेड गोळा करणारे हात वेगळे आणि त्यातून अन्न करणारी चूल वेगळी. प्रखर ऊन आलं की राखणदार लाल होतो, त्या हातांना जाऊन चिकटतो आणि जास्तीचा उजेड ऊब करून बाहेर टाकतो. चूल शाबूत राहते. ऊन उतरलं की तो पुन्हा नारिंगी होऊन बाजूला सरतो. पण त्याला जाग येते ती उजेडातल्या निळ्या भागाने. तांबड्यात तो ढाराढूर झोपतो. मी चोचले पुरवत होते आणि राखणदाराला निजवत होते.

आता बाबांना सगळं सांग. मला भीती वाटते, पण सांग. तुझा हात डोक्यावर असाच असू दे.

तुझी,
फलमाता

---

बोल गावाजवळून, ३० मार्च

चि. फलमातास,
आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं बाबाला वाचून दाखवली. लपवलं म्हणून आधी माझ्यावर डाफरला. मग राखणदाराचा भाग पुन्हा वाचायला लावला. साठ वर्षं त्या पाण्याकडे पाठ करून बसलेला माणूस, आत काय चालतं ते त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याने विचारलं, राखणदार दुसऱ्या दिवशी पुन्हा उठतो का. रोज उठतो, म्हटलं.

आज सकाळी दिहेच्या वड्या त्याने स्वतः पोत्यात भरल्या, तुझ्यासाठी. सरांनाही दे, पण तळ्यापासून त्यांना लांबच ठेव. ईदला घरी ये. बाबाने निरोप दिला आहे, येताना परतीचं तिकीट काढूनच निघ.

तुझी आत्या,
केल्लू